उरलेली चंदी

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास घोड्यांचे आकडे पाहण्याची सवय लवकर लागते. अमुक सरदाराची इतकी पागा, तमुक स्वारीत इतकी घोडी पडली, अमुक परगण्यातून पागेस इतका दाणा पोहोचला, अशा नोंदींवरून आपण सैन्याचे बळ, मोहिमेचा खर्च आणि सरदाराची पत अजमावतो. या नोंदी मोलाच्या आहेत यात संशय नाही. परंतु त्या वाचीत असता एक गोष्ट आमच्या मनात वारंवार येत राहिली आणि तीच या लेखाचे निमित्त झाली. पागेच्या हिशेबात घोड्यास दिलेली चंदी लिहिलेली असते. घोड्याने टाकलेली, तोबऱ्याच्या तळाशी उरलेली चंदी लिहिलेली नसते. यात हिशेबनिसाचा दोष नाही. कोठीतून किती धान्य निघाले हे पाहणे त्याचे काम. ते घोड्याच्या पोटात गेले की नाही, ही त्याची जबाबदारी नव्हे. पण घोड्याच्या पोटाच्या आजाराची पहिली बातमी बहुधा त्या उरलेल्या चंदीतच असते. परिणाम असा की, इतिहासाच्या साधनांत घोडा आपल्याला एकदम मेलेलाच भेटतो. तो आजारी कधी पडू लागला हे ज्याला कळत होते त्या मोतद्दाराने काही लिहून ठेवले नाही, आणि ज्यांनी लिहिले त्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या न लिहिलेल्या विद्येचा माग, लागेल तेवढा, घेण्याचा प्रस्तुत लेखात आमचा विचार आहे.

घोड्याच्या पोटाची रचना ठाऊक नसेल तर या विद्येचे महत्त्व ध्यानात येणार नाही. म्हणून प्रथम तिच्याविषयी थोडे सांगतो. गायी-म्हशींप्रमाणे घोडा रवंथ करीत नाही. चारपाचशे किलो वजनाच्या या जनावराचे जठर अवघे आठ ते पंधरा लिटरांचे असते. एका वेळी थोडे आणि दिवसभर पुन्हापुन्हा चरावे, अशीच निसर्गाची योजना दिसते. जठरापुढे वीस मीटरांहून लांब असे लहान आतडे आणि त्यापुढे शंभर लिटरांच्या आसपास ऐवज मावेल असे प्रशस्त मोठे आतडे. गवताचा चोथा पचविण्याचे काम या मोठ्या आतड्यात वस्ती करून असलेले सूक्ष्म जीव करतात. त्यांना ठरावीक अन्नाची सवय झालेली असते. अन्न एकाएकी पालटले की त्यांची घडी विसकटते व वायू धरतो. दाणा फार पडला तर आम्ल वाढून त्याचा परिणाम थेट खुरांपर्यंत जातो आणि घोडा पायांवर उभा राहू शकत नाही. शिवाय मोठे आतडे जेथे मुरड घेते तेथे त्याची नळी एकदम अरुंद होते. पाणी कमी पडले, चारा जाडाभरडा असला, अंगास हालचाल नसली, की तेथे सुकलेल्या चोथ्याचा गठ्ठा अडून बसतो. पान सडण्याचे, भाकरी करपण्याचे आणि घोडा अडण्याचे एकच कारण विचारणारे कोडे आपण शाळेत मुलांना घालतो. त्यातील घोड्याचा भाग हा नुसता शब्दविनोद नसून पागेतला रोजचा अनुभव आहे, हे मुलांना सांगावयास हरकत नाही.

या सर्वांवर कळस म्हणजे घोड्यास ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट मिटलेला असतो की एकदा गिळलेले वर येण्यास वाटच नाही. कुत्रे गवत खाऊन ओकते व मोकळे होते. घोड्याचे जठर फार ताण पडल्यास फुटते.

पोटदुखीस मराठीत पोटशूळ म्हणतात. उत्तरेकडील साईस कुरकुरी म्हणतात. हे एका रोगाचे नाव नव्हे. वायू धरणे, गठ्ठा अडणे, आतड्यास पीळ पडणे, कृमी होणे, चाऱ्याबरोबर गेलेली रेती आतड्याच्या तळाशी साचणे, अशा अनेक कारणांनी उठणाऱ्या वेदनेचे हे एकच नाव आहे. यांपैकी काही प्रकार तास-दीड तासात आपोआप शमतात, तर काही एका दिवसात घोडा नेतात. आणि आरंभी दोन्ही प्रकार जवळजवळ सारखेच दिसतात. यास्तव पहिली खूण कोणी व केव्हा पाहिली, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून राहत.

आता ग्रंथांकडे वळू. भारतीय अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव परंपरेने चालत आले आहे. अग्निपुराणात अश्वचिकित्सेचे प्रकरण आहे, तेथेही सुश्रुतास ही विद्या सांगणारा शालिहोत्रच आहे. त्याच्या नावावर असलेली हस्तलिखिते अनेक असून ती एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे शालिहोत्र हे एका व्यक्तीपेक्षा एका शास्त्राचे नाव मानणे अधिक सयुक्तिक होईल. लोकांनी तर तसे केव्हाच मानले आहे. शालिहोत्रापासून 'सालोत्री' हा शब्द निघाला आणि घोड्याच्या वैद्यास, तो हिंदू असो की मुसलमान, सर्व हिंदुस्थानभर हेच नाव पडले. पुढे इंग्रजी फौजेच्या रिसाल्यांतही ते चालू राहिले. ऋषीच्या नावाचे धंद्याचे नाव होणे हे भाग्य आमच्या पाहण्यात दुसऱ्या कोणाच्या वाट्यास असे आलेले नाही.

या परंपरेतील दोन ग्रंथ, जयदत्ताचे अश्ववैद्यक आणि नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सित, कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका या मालेत १८८७ साली छापून आले. नकुलाच्याच नावावर असलेले अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयाने १९५२ साली रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केले. तंजावरच्या भोसले घराण्याने हस्तलिखितांचा हा ठेवा सांभाळला, विशेषतः सरफोजीराजे (१७९८–१८३२) यांनी तो फार वाढविला, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना अभिमानाची वाटल्यास नवल नाही.

या ग्रंथांत घोड्यांचे रंग आहेत, अंगावरील शुभाशुभ भोवरे आहेत, दातांवरून वय ओळखण्याची रीत आहे, ऋतूप्रमाणे आहार आहे, शूलासारखे रोग आणि त्यांवरील काढे आहेत. आणि शेवटी अरिष्टे, म्हणजे घोडा आता वाचत नाही हे सांगणारी लक्षणे आहेत. अरिष्टलक्षणांचा हा विभाग मोठ्या बारकाईने लिहिलेला असतो. परंतु त्या लक्षणांच्या आधी काय दिसते, हे शोधू जाता हाती फार थोडे लागते. आमच्या मते याचे कारण उघड आहे. हे ग्रंथ राजासाठी व वैद्यासाठी लिहिलेले आहेत. राजाला घोडा विकत घेताना पाहावयाचा असतो. वैद्याला तो आजारी पडल्यावर बोलावतात. रोज पहाटे निरोगी घोड्यापाशी कोण असतो? तो संस्कृत वाचीत नव्हता.

कौटिलीय अर्थशास्त्राचा अपवाद मात्र केला पाहिजे. हा ग्रंथ शामशास्त्री यांनी १९०५ साली म्हैसूर येथे उजेडात आणला व १९०९ साली छापला. त्यातील अश्वाध्यक्षाचे प्रकरण कारभाऱ्याच्या नजरेने लिहिलेले आहे, म्हणून ते फार जिवंत उतरले आहे. उत्तम घोड्यास दोन द्रोण धान्य, तेही अर्धे सुकवलेले किंवा अर्धे शिजवलेले, अथवा मूग-उडीद शिजवून. शिवाय स्नेह, पाच पल मीठ आणि हिरवे किंवा वाळलेले गवत, असा शिधा तेथे ठरवून दिला आहे. घोड्यांच्या चाकरांत गवत आणणारा 'यावसिक' आणि शिधा शिजविणारा 'विधापाचक' असे स्वतंत्र नोकर सांगितले असून कामात कसूर करणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापावा असे म्हटले आहे. वैद्यांनी घोड्याचे अंग वाढते की झडते हे पाहून ऋतूप्रमाणे आहार बदलावा, अशी आज्ञा आहे. आणि उपचारातील हयगयीने रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, व त्या चुकीने घोडाच गेला तर घोड्याच्या किमतीएवढा दंड! दंडाची ही पायरी आम्हांस अर्थपूर्ण वाटते. रोग वाढणे आणि घोडा मरणे यांमध्ये एक अवधी असतो आणि त्या अवधीस कोणीतरी जबाबदार असतो, हे तीत गृहीत धरलेले आहे.

शालिहोत्राचा प्रवास पुढे फारसीत झाला. बहमनी काळात दक्षिणेत आणि पुढे मोगलाईत त्याची भाषांतरे झाली. मोगल सरदार अब्दुल्लाखान फिरोजजंग याच्या फारसी पाठावरून जोसेफ अर्ल्स याने केलेले इंग्रजी भाषांतर १७८८ साली कलकत्त्यास छापले गेले. संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून इंग्रजीत एवढी मजल मारलेल्या या विद्येत औषधे बदलली, वजनेमापे बदलली. पहाटेची पाहणी मात्र कोणत्याच भाषेत उतरली नाही.

ती नसली म्हणजे काय होते, याचा एक जुना पुरावा परकीयांच्या लेखणीतून मिळतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने पांड्यांच्या देशाचे वर्णन केले आहे. होर्मुझ, एडन इत्यादी बंदरांतून तेथे दरसाल हजारो घोडे येत आणि वर्ष संपता संपता त्यांतले फारच थोडे जिवंत राहत, असे तो सांगतो. घोड्यांना शिजविलेला भात व मांस घालतात म्हणून ते मरतात, असे कारण तो देतो. आणि वर असेही म्हणतो की घोड्यांचे व्यापारी मुद्दामच आपल्याबरोबर घोड्यांचा वैद्य आणीत नाहीत व कोणी येऊ लागल्यास येऊ देत नाहीत. इराणी इतिहासकार वस्साफ यानेही चौदाव्या शतकाच्या आरंभी शिजवलेले धान्य, लोणी व उकळलेले दूध घोड्यांना देतात असे लिहिले आहे. मार्को पोलोची वैद्यांविषयीची हकीकत आम्हांस बंदरावरच्या गप्पेसारखी वाटते; ज्या देशात शालिहोत्राची परंपरा कित्येक शतके नांदत होती त्या देशात सालोत्री आणावयास अरबी व्यापाऱ्याची परवानगी कशास हवी? परंतु घोडे मरत होते ही गोष्ट खरी मानावयास हरकत नाही.

ते शिजवलेल्या अन्नानेच मरत होते काय, हा प्रश्न वेगळा आहे. कौटिल्यही अर्धे शिजवलेले धान्य सांगतो आणि आपल्याकडील पागांतूनही उकडलेले कुळीथ व भिजवलेला हरभरा हीच चंदी होती. कोरडा हरभरा पोटात जाऊन मग फुगतो. लहान जठराच्या आणि ओकता न येणाऱ्या जनावरास हे घातक, म्हणून तो आधीच भिजवून फुगवून देण्याची चाल पडली. या चालीत शहाणपण आहे. दोष शिजविण्यात नसून पालटात होता असे आम्हांस वाटते. अरबस्तानातला घोडा जहाजावर कित्येक दिवस एकाच जागी उभा असतो, पाणी मोजून मिळते, चारा वाळलेला असतो. आणि किनाऱ्यावर उतरताच त्याच्यापुढे त्याने जन्मात न पाहिलेले अन्न येते. पोट अडण्यास याहून अधिक कारणे एकत्र करू म्हटले तरी जमणार नाही.

हाच व्यापार पुढे गोव्यात आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले आणि होर्मुझकडून येणारे घोडे गोव्यासच उतरावेत असा बंदोबस्त केला. विजयनगर आणि विजापूर ही दोन्ही राज्ये गिऱ्हाइके. घोड्यांवरील जकात हे गोव्याच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम झाले, आणि १५४७ साली विजयनगराशी झालेल्या तहात घोड्यांच्या व्यापाराचा प्रश्न प्रमुख होता. या इतिहासात तहाची कलमे व जकातीचे आकडे आपण वाचतो. जहाजावरून उतरलेला, पाय आखडलेला, पोट ओढलेला घोडा पावसाळी दमट हवेत घाटाखाली उभा आहे, ओल्या गवताचा पहिला भारा त्याच्यापुढे पडला आहे, आणि तो किती द्यावा व किती राखावा हे ठरविणारा एक अनामिक चाकर शेजारी उभा आहे, हे चित्र त्या कलमांच्या आड राहते. विजयनगरच्या रायाने मोजलेल्या किमतीचे भवितव्य त्या पहिल्या आठवड्यात त्या चाकराच्या हाती असे.

शिवकालाकडे आलो म्हणजे साधने अधिक बोलकी होतात. जिंजी येथे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई. तेव्हा घोड्यांसाठी दाणा, रतीब, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार ठेवावी, असा नियम होता. पंचवीस घोड्यांस एक पखालजी ही गोष्ट वाचून पुढे जाण्यासारखी नाही. एका घोड्यास दिवसाकाठी पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात व श्रमात त्याहूनही अधिक. पंचवीस घोड्यांचे हे पाणी एका पखालजीने वाहावे, हे कठीण दिसते. बहुतेक घोडी नदी-नाल्यावर नेऊन पाजीत आणि पखाल तळावरची सोय असे, असा आमचा तर्क आहे. तरीही नालबंदाच्या जोडीस पखालजीचे पद नेमून देणाऱ्या व्यवस्थेस घोड्याचा पाय आणि घोड्याचे पाणी या दोन गोष्टी बरोबरीच्या वाटत होत्या, हे त्यातून दिसतेच.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळील हलवर्ण येथील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस गेलेले पत्र आपल्या वाचकांस परिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये या आशयामुळे ते पाठ्यपुस्तकांत गेले. आम्हांस येथे त्याच्या आरंभीच्या भागाचे प्रयोजन आहे. लष्कराच्या मुक्कामामुळे पागेसाठी पावसाळ्याकरिता ठेवलेला दाणा व गवत खर्च होऊन गेले होते. गडोगडीचा गल्ला देववून कशीबशी तरतूद केली होती. महाराज बजावतात की, साठा आहे तोवर बेफामपणे चाराल तर पुढे पडत्या पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल. पुढे चुली, तंबाखूचा विस्तव आणि दिव्याची वात पळवणारा उंदीर यांपासून गवताच्या गंजीस जपण्याची ताकीद येते.

या पत्रात महाराज अश्ववैद्यक सांगत आहेत असा दावा आम्ही करीत नाही. त्यांची चिंता साठ्याची आहे. पण आज भरपूर आणि उद्या एकदम उपास, या ज्या गोष्टीचे भय त्यांना वाटते तिचेच भय घोड्याच्या आतड्यासही असते. आणि दोष कोणाच्या माथी ठेवावयाचा, याविषयी कौटिल्याचा दंडविधी आणि हे पत्र यांचा सूर एकच आहे: घोडा रोगाने मेला हे उत्तर पुरेसे नाही, मरण्याआधी कोणाचे लक्ष नव्हते ते सांगा.

पागेच्या वर्षात दोन सांधे विशेष जोखमीचे असत. पहिला मृगाचा. चार महिने वाळलेल्या कडब्यावर व गवतावर काढलेल्या घोड्यास पहिले कोवळे हिरवे गवत लागले की तो त्यावर तुटून पडतो. त्याला रोज थोडे थोडे वाढवीत आठ-दहा दिवसांनी पोटभर चारावे लागते. दुसरा दसऱ्याचा. छावणीत उभी राहिलेली घोडी सीमोल्लंघनास निघतात, हिरवा चारा सुटतो, दाणा वाढतो, मजला सुरू होतात. शिलंगणाच्या दिवशी घोड्यास न्हाऊ घालून, झेंडूच्या माळा घालून गोडधोड चारण्याची हौस आपल्याकडे मोठी. त्या रात्री मोतद्दार स्वस्थ झोपत नसावा.

पानिपताची कथा येथे थोडक्यात सांगावी लागते, कारण ती सर्वांस विदित आहे. १७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा हाती आला तेव्हा धान्याचा मोठा साठा मिळाला होता. नोव्हेंबरापासून अब्दालीने वाटा रोखल्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशा खुंटली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडदळ रणात उतरले ते अडीच महिन्यांच्या उपासाने खंगलेले होते. काशीराजाच्या वृत्तांतात आणि बखरींत माणसांबरोबर जनावरांच्या उपासमारीचे वर्णन आहे. या वर्णनांत घोडी मेली, असे आपण वाचतो. मरण्यापूर्वी ती झाडांच्या साली कुरतडतात, माती चाटतात, लीद कमी व कोरडी होते, पाणी नकोसे होते, आणि मग कधी दोन मुठी दाणा मिळाला तर तोही पचत नाही. उपाशी घोड्याची ही अवस्था पशुवैद्यांस परिचित आहे. छावणीतील हजारो मोतद्दारांनी ती रोज पाहिली असली पाहिजे. त्यांना खुणा कळत होत्या. पण करण्यासारखे काही हाती नव्हते. नुसत्या जाणण्याने घोडा वाचत नाही, हेही या विद्येविषयी सांगितले पाहिजे.

योगायोग असा की, त्याच १७६१ सालच्या ऑगस्टात फ्रान्समध्ये क्लोद बूर्जला या अश्वारोहणाच्या शिक्षकास लियों येथे पशुवैद्यकाची शाळा काढण्याची राजाज्ञा मिळाली. जगातील या तऱ्हेची ती पहिली शाळा. १७९१ साली लंडनलाही अशी शाळा निघाली. लियोंमध्ये शिकलेला पहिला इंग्रज विल्यम मूरक्रॉफ्ट १८०८ साली कंपनीच्या घोड्यांच्या पैदाशीवर देखरेख करण्यासाठी बिहारात पूसा येथे आला. त्याने तेथे घोड्यांसाठी ओटची लागवड केली आणि चांगल्या घोड्यांच्या शोधात बुखाऱ्यापर्यंत जाऊन परतीच्या वाटेवर १८२५ साली देह ठेवला. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय, आणि १८८९ साली पुण्यासच जंतुशास्त्राची ती प्रयोगशाळा, जी पुढे मुक्तेश्वरला गेली. सालोत्री गेला व डॉक्टर आला.

डॉक्टराने आणलेली भर खरी आहे आणि ती नाकारणे अप्पलपोटेपणाचे होईल. विश्रांतीत असलेल्या घोड्याचे हृदय मिनिटास अठ्ठावीस ते चव्वेचाळीस ठोके देते, श्वास आठ ते सोळा, अंगाची उष्णता साडेसदतीस ते साडेअडतीस अंश. ठोके साठावर जाऊन तेथेच राहिले तर प्रकरण गंभीर आहे, हे आता आकड्यांत सांगता येते. हिरडीवर बोट दाबून उचलले तर दोन सेकंदांच्या आत तेथे पुन्हा लाली आली पाहिजे. कुशीस नळी लावून आतड्याचा गडगडाट ऐकता येतो, आणि तो मुळीच ऐकू न येणे हे गडगडाट अधिक असण्याहून वाईट, हेही निश्चित झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोट उघडून आतड्याचा पीळ सोडविण्याची शस्त्रक्रियाही साधली. जुन्या उपायांतले कित्येक तर घोड्यास मारकच होते. वेदनेने तडफडणाऱ्या घोड्याचे तोंड वर बांधून नळीने काढा ओतावा, तो फुफ्फुसात जावा; दारू, मिरे, हिंग यांचा मारा करावा; थकून पडेपर्यंत पळवावे. अशा घोड्यास थोडे सावकाश चालविणे हितावह असते; दामटणे नव्हे.

पण डॉक्टराला बोलावणार कोण आणि केव्हा? शस्त्रक्रियेचे यश आजही मुख्यतः किती तासांत दुखणे लक्षात आले यावर अवलंबून आहे. येथे आपण पुन्हा तोबऱ्यापाशी येतो.

सुमारे १९७२ साली माळव्यातील एका जुन्या संस्थानी गावात आम्हांस एक वृद्ध मोतद्दार भेटला. त्याच्या तीन पिढ्या पागेत गेल्या होत्या. पागा मोडली तेव्हा तो तरुण होता. आम्ही त्यास शालिहोत्राविषयी विचारले. त्याने ते नाव ऐकले नव्हते. मग आम्ही घोड्याची कुरकुरी कशी ओळखता असे विचारले, तेव्हा तो आमच्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, कुरकुरी समदे ओळखतात. घोडा लोळायला लागला की आंधळ्याला बी कळतं. त्याच्या आदी वळखायचं असतं."

त्याची रीत अशी होती. पहाटे ठाणावर जाताना घोड्यास हाक मारावयाची नाही. हाक मारली की घोडा मान उचलतो, कान टवकारतो आणि दुखणे लपवतो. आधी दुरून पाहावयाचे: उभा कसा आहे, मागचा पाय आलटून-पालटून विसावतो आहे की चारही पायांवर ताठ आहे, मान कुशीकडे वळते का, वरचा ओठ उगाच दुमडतो का, पुढच्या खुराने जमीन उकरली आहे का. अंथरलेले गवत रात्रीत किती विसकटले तेही पाहावयाचे. मग जमिनीकडे नजर. रात्रीतून लिदीचे चार-पाच ढीग असावयाचे. तीन दिसले तर मनात ठेवावयाचे, दोन दिसले तर नाईकाला सांगावयाचे. लीद पायाने फोडून बघावयाची. तिच्यात अख्खे दाणे दिसले तर दात पाहावयाचे. तिच्यावर चिकट पांढरट पापुद्रा असला तर पोट मंद चालले आहे असे समजावयाचे. नदीकाठी चरणाऱ्या घोड्याची लीद तो मडक्यात पाण्यात कालवीत असे व वरचे ओतून तळाशी बोट फिरवीत असे. रेती लागली की त्या घोड्याचे चरणे बंद. पाण्याच्या बादलीवर खडूची रेघ असे. हे सर्व झाल्यावर तोबरा. तो उलटा करून ओंजळीत झाडावयाचा. "दाणा उरला तर पहिल्यांदा मी वास घेतो," तो म्हणाला, "दाणा खराब नसला, तर मग घोडा खराब आहे."

यातील एकेक गोष्ट आम्ही पुढे एका पशुवैद्य मित्राजवळ तपासून घेतली. निरोगी घोडा दिवसात आठ ते बारा वेळा लीद टाकतो, तेव्हा रात्रीच्या ढिगांचा हिशेब जुळतो. मडक्यातली रेतीची परीक्षा आजचे पशुवैद्यही करतात. घोडा हे शिकार होणारे जनावर असल्यामुळे माणूस जवळ आला की वेदना दडवतो, हे आता शास्त्रज्ञही सांगतात. तपासणीस न उतरलेली एक गोष्टही सांगितली पाहिजे: अमावास्येस कुरकुरी अधिक होते, अशी त्या वृद्धाची पक्की खात्री होती. आमच्या मित्राने ती हसून सोडून दिली.

आम्ही त्यास विचारले की, उरलेली चंदी कारकुनास कळवीत होता काय. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले की कळवीत नसे. उरली असे कळविले तर दुसऱ्या दिवशी तेवढी चंदी कमी मिळे, आणि घोडा बरा झाल्यावर ती पुन्हा वाढवून घेण्यास पंधरा दिवस जात. शिवाय उरलेले मोतद्दारानेच घरी नेले असेल, असा संशय आधी येई. तोही अगदी खोटा नसे, असे म्हणून तो हसला. म्हणून उरलेली चंदी मुकाट्याने शेजारच्या घोड्यास घालावयाची, आणि खूण आपल्या मनात ठेवावयाची.

पागेच्या हिशेबाचे कागद वाचताना आता आम्हांस ते हसणे आठवते. कागदावर रोजची चंदी सारखीच लागलेली दिसते, महिनोन्‌महिने, एका शेराचाही फरक नाही. आणि मग एके दिवशी एका घोड्याच्या नावापुढे चंदी बंद होते.